झालं ह्या रकान्याविषयी

मस्कतमध्ये आमचा आठवडा रविवारी सुरू होतो.
अल खुवैर, चौथा मजला, एसी अठरावर,
भिंतीवर तीन रकाने: करायचं, चाललंय, झालं.
दोन आठवड्यांच्या मुदतीला इथे स्प्रिंट म्हणतात,
धाव. धावणारे सगळे बसून.
फक्त सकाळची पंधरा मिनिटं उभं राहायचं
आणि सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय.

कुणाचंच कुठे अडत नाही.
शिजो म्हणतो, टेस्टिंग होतंय.
तन्वीर म्हणतो, झालंच.
मी मनातल्या मनात मराठीत त्याचा 'च' तपासते.
आमच्या घरी जेवण 'झालंच' म्हणायचे
तेव्हा कुकरची पहिली शिट्टीसुद्धा झालेली नसायची.

अंदाज आम्ही पत्त्यांवर मांडतो:
एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा.
चार मागायचा नाही, चार नसतो.
'पोचलो' ह्या बटणाला तन्वीरनं आठ टाकला, शिजोनं तीन.
दोघांनी एकमेकांकडे बघितलं
आणि भेंडीच्या भावासारखा पाच ठरला.

कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलंय:
टँकरचालक म्हणून मला एक बटण हवं,
म्हणजे पाणी पोचल्याचं गिऱ्हाइकाला कळेल.
ह्या वाक्यातला 'मला' कोण,
हे अकरा धावांत कुणी विचारलं नाही.

उरलेल्या कामाची रेघ रोज थोडी उतरायला हवी.
आमची नऊ दिवस पठार असते,
दहाव्या रात्री कडा.
मी तिचा फोटो काढून वर पाठवते.
वरून अंगठा येतो.

जुलैत एका सोमवारी जुवैना म्हणाली, चला.
काम काय हवं ते तीच ठरवते, त्यामुळे गेलो.
अमरातकडचा पाणी भरायचा नाका, सेहेचाळीस अंश,
निळ्या टँकरांची रांग, आणि जुमा,
ज्याची नोंद आमच्याकडे चालक क्रमांक दोनशे सात.
टाकी भरली. त्यानं झाकण लावलं,
फोन काढला, आणि तिथेच, नाक्यावरच,
'पोचलो' दाबलं.

अजून तर निघालाही नाहीस, तन्वीर म्हणाला.
जुमाला हसू आलं. त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी.
वर डोंगरामागे रेंज नाही.
उन्हात फोन तापून बंद पडतो.
हातात पाइप, हात ओले, आणि उशीर झाला की दंड.
पाणी तर पोचतंच ना, मॅडम.

म्हणजे आमचे चौऱ्याण्णव टक्के वेळेवर.
म्हणजे तो आलेख, जो आम्ही चौकटीत लावला होता.

मी त्याच्या शेजारी बसून वर गेले.
तिसऱ्या वळणावर एक घर, गच्चीत टाकी,
आणि एक बाई, हात टाकीच्या अंगावर.
पाइप सुरू झाला तशी ती बोटांच्या पेरांनी वाजवत राहिली,
खाली ठक्क, वर टण.
ठक्क वर वर चढत गेलं.
गळ्यापाशी आलं तेव्हा तिनं हात उचलला: बस.
जुमानं पाइप गुंडाळला. फोन खिशातच.

आधी सांगितलं, मग केलं; पण केलं.
आमचं नेमकं काय असतं
ते मला परतीच्या उतारावर धड जुळवता आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी, फोटो काढायच्या आधी,
मी 'झालं'च्या रकान्यावर पेरं वाजवून बघितली.
टण.
पातळ फळी आहे, तशीच वाजणार,
त्यात काही शोधू नये.
शिजोनं मान वर केली, परत घातली.
तन्वीर मात्र उठला,
आपली दोन कार्डं काढून 'चाललंय'त लावली,
आणि बटणाच्या कार्डावरचा पाच खोडून
तेरा लिहिले.